ट्रेडिंगच्या वर्गाला सभागृह का दिले नाही?





काही दिवसांपूर्वी शाळेच्या कार्यालयात एक अर्ज आला. इंदूरहून शेअर बाजाराचे वर्ग चालवणाऱ्या एका मंडळींना आपले सभागृह सलग दोन रविवार भाड्याने हवे होते. भाडे चांगले देत होते. दोन वर्गखोल्यांचे पंखे आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्यात सहज झाली असती. सोबतच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले होते, 'नोकरी सोडा, पूर्णवेळ ट्रेडर बना.'

आम्ही नकार कळवला. विश्वस्तांपैकी दोघांना तो रुचला नाही. काही पालकांनीही विचारले की मुले काही नवे शिकत असतील तर शाळेला काय अडचण आहे? प्राचार्यांना शेअर बाजारातले काय कळते, असेही कोणी बोलल्याचे आमच्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकातली आमची जागा त्याच्या उत्तरासाठी वापरतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून, वाणिज्य शाखेत झाले. घरची भाषा मराठी असली तरी हिशेब आम्ही आजही हिंदीतच करतो. लेखणीतून कोठे हिंदी वळण डोकावले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी स्वतःची गोष्ट सांगून टाकतो. १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले तेव्हा आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो. त्याच्या आदल्या वर्षभरात बऱ्हाणपुरात चहाच्या टपरीवरही सिमेंट कंपन्यांच्या शेअरचे भाव बोलले जात. आमच्याकडे तेव्हा पैसेच नव्हते, म्हणून वाचलो. १९९५ मध्ये मात्र पहिल्या पगाराच्या शिलकीतून एका नव्या कंपनीच्या शेअरचा अर्ज भरला. आठ हजार रुपये होते. ती कंपनी पुढे कोठे गेली ते आजपर्यंत कळले नाही. सर्टिफिकेट कपाटात आहे. बारावी वाणिज्यच्या मुलांना दरवर्षी दाखवतो. छपाई फार सुंदर आहे.

असो. ती गुंतवणूक होती, फसलेली का होईना. आज ज्याला ट्रेडिंग म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती आम्हांला आपल्याच शाळेतल्या एका तरुणाने शिकवली.

हा आपला माजी विद्यार्थी. पुढे चार वर्षे आपल्याच शाळेत गणित शिकवायचा. वडील तापीकाठच्या एका गावात केळीचे बागायतदार. मुलगा हुशार, निर्व्यसनी, मुलांचा लाडका. त्याच्या तासाला मागच्या बाकावरची मुलेसुद्धा फळ्याकडे पाहत असत. शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो, म्हणजे जवळजवळ शाळेचीच वेळ. रिकाम्या तासाला तो शिक्षककक्षात मोबाइल घेऊन बसलेला दिसू लागला. दर गुरुवारी तर तो जेवणाचा डबासुद्धा उघडत नसे. तेव्हा निफ्टीच्या साप्ताहिक सौद्यांची मुदत गुरुवारी संपत असे. (सप्टेंबर २०२५ पासून तो दिवस मंगळवार झाला आहे.) आम्ही एकदा टोकले, दोनदा टोकले. जून २०२५ मध्ये त्याने राजीनामा आणून दिला. म्हणाला, "सर, चोरून करण्यापेक्षा पूर्णवेळ करतो."

आम्ही राजीनामा स्वीकारला. त्याच्या प्रामाणिकपणाचे आम्हांला कौतुकच वाटले. मात्र एक वही दिली आणि सांगितले की रोजचा हिशेब यात लिही, नफातोटा एका रकान्यात, खर्च दुसऱ्या रकान्यात. आणि बाबांपासून काही लपवू नको.

आता तो करत होता ते काय, हे थोडे समजून घेऊ. या बाजाराला 'फ्युचर्स आणि ऑप्शन्स' म्हणतात. हिंदीत आम्ही 'वायदा' आणि 'विकल्प' शिकलो. ऑप्शन म्हणजे काय ते केळीच्या भाषेत सांगतो, बऱ्हाणपूरकरांना लवकर समजेल. समजा आज केळीचा भाव क्विंटलला एक हजार आहे. तुम्ही कोणाला तरी वीस रुपये देता आणि आठ दिवसांत हजारच्याच भावाने घेण्याचा हक्क विकत घेता. भाव अकराशे झाला तर तुमचे भले झाले. भाव हजारावरच राहिला, किंवा वाढला पण नवव्या दिवशी, तर वीस रुपये गेले. म्हणजे भाव कोणत्या दिशेला जाणार एवढे ओळखून भागत नाही. किती जाणार आणि किती दिवसांत जाणार, हेही बरोबर यावे लागते. आपल्या तरुणाने घेतलेले बहुतेक सौदे असे आठवड्याच्या मुदतीचे होते. त्यात केळीही नाही आणि कंपनीही नाही, निर्देशांकाचा आकडा तेवढा आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक माहिती. मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाला आपण 'सेन्सेक्स' म्हणतो. हा शब्द १९८९ मध्ये दीपक मोहोनी या बाजार-विश्लेषकांनी रूढ केला. शब्द छोटा, पण आज देशभर घराघरांत पोहोचला आहे.

हिशेबातला खरा मुद्दा पुढे आहे. ऑप्शनच्या व्यवहारात तुम्हांला मिळणारा प्रत्येक रुपया समोरच्या कोणाच्या तरी खिशातून येतो. तुम्ही जिंकलात की तो हरला, आणि दोघांकडूनही दलाली, एसटीटी, बाजाराचे शुल्क आणि जीएसटी कापले जातात. मग समोर कोण बसले आहे हे विचारायला नको का? सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारे सरकारी मंडळ. त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांनी हे व्यवहार केले. त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा खर्चासह सरासरी माणशी सुमारे दोन लाख, आणि सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा उरलेले लोक शंभरात एक. त्याच अहवालाप्रमाणे २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या मोठ्या दलाल संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि विदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी मिळवले. त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकाच्या स्वयंचलित प्रणालींनी कमावलेला होता. समोर बसला आहे तो हा. आपला मुलगा अंगठ्याने बटण दाबेपर्यंत त्या यंत्राने हजार वेळा भाव तपासलेला असतो.

आणखी तीन गोष्टी त्या अहवालात आहेत, त्या वाचून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. या ट्रेडरांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक देशातल्या मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. तिशीच्या आतले आदल्या वर्षी ३१ टक्के होते, ते एका वर्षात ४३ टक्के झाले. आणि सलग तोटा सोसलेल्यांपैकी पाऊणशे टक्के लोक तरीही खेळत राहिले. त्यानंतर नियम कडक झाले, सौद्याचा किमान आकार वाढवला गेला, साप्ताहिक मुदती कमी केल्या. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच होते आणि त्या वर्षीचा एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर गेला.

एक विश्वस्त आम्हांला म्हणाले, "सर, बऱ्हाणपूर तर व्यापाऱ्यांचेच गाव. मुलाने व्यापार केला तर बिघडले कोठे?" त्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे आणि गावाबद्दल ते म्हणाले ते शंभर टक्के खरे आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथे आला होता. येथले कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले आहे. आजही केळीच्या मंडीत पहाटेपासून गाड्या भरतात. पण त्या व्यापाऱ्याचे काम पाहा. माल कच्चा आहे की पक्का हे तो घडाला हात लावून ओळखतो. ट्रक मिळाला नाही, वाटेत पाऊस लागला, दिल्लीत भाव पडला, हे सगळे धोके तो अंगावर घेतो. बागायतदाराला तो हवा असतो आणि खाणाऱ्यालाही. त्याला मिळणारे पैसे कोणाच्या तरी उपयोगी पडल्याबद्दल मिळतात. इंग्रजीत दोघांनाही ट्रेडर म्हणतात, एवढ्यावरून दोन्ही धंदे एक होत नाहीत.

वायदे बाजार मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. जिनिंगवाला कापूस घेऊन बसतो तेव्हा भाव पडण्याची धास्ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी तो वायदा विकतो. त्यात शहाणपण आहे. पण ती धास्ती विकत घेणारा धनवान असावा लागतो.

आपल्या भागातल्या कापसाने मुंबईला एकदा हे सर्व दाखवलेले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. मोठ्या अधिकाऱ्यांपासून कारकुनांपर्यंत सारे शेअरच्या मागे लागले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणेकरी शेकड्यांनी बुडाले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. कापूस पिकवणारा शेतकरी पुन्हा कापूसच पेरत राहिला.

(आमच्या लहानपणी गल्लीत 'आकडा' लावणारे काका असत. मटक्याचा तो जुगारही मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर सुरू झाला होता, हे फार थोड्यांना माहीत असेल. कापसाचे आणि सट्ट्याचे नाते जुने आहे.)

आता वर्ग चालवणाऱ्यांविषयी. आम्ही त्या इंदूरच्या मंडळींना फोनवर एकच प्रश्न विचारला, "आपण स्वतः ट्रेडिंगमधून मिळवलेल्या उत्पन्नाचे आयकर विवरण विद्यार्थ्यांना दाखवाल का?" उत्तर आले नाही. यावरून त्यांना खोटे ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ज्याला रोज बाजारातून पैसे मिळतात तो बऱ्हाणपुरात येऊन फी का गोळा करील, हा प्रश्न सातवीच्या मुलालाही पडावा. मराठी माणसांत या क्षेत्रात गाजलेले नाव कर्जतच्या अवधूत साठे यांचे. संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून ते इकडे आले आणि हजारो मराठी तरुणांनी त्यांचे वर्ग केले. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने त्यांच्यावर आणि त्यांच्या अकादमीवर अंतरिम आदेश काढला. नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला दिल्याचा ठपका ठेवून सुमारे ५४६ कोटी रुपये बाजूला ठेवण्यास त्यात सांगितले होते. अंतरिम आदेश हा अंतिम निकाल नव्हे, म्हणून दोषी-निर्दोषी आम्ही बोलत नाही. आमचे लक्ष त्या आकड्याकडे गेले. सेबीच्या हिशेबाने तो पैसा शिकणाऱ्यांनी भरलेल्या फीचा होता.

आता वहीकडे येतो. मार्च २०२६ अखेर तो तरुण आमच्या घरी आला. नऊ महिन्यांची वही बरोबर होती. त्याच्या परवानगीनेच, नाव न घालता, येथे लिहीत आहोत. भांडवल पाच लाख, त्यांपैकी साडेतीन लाख बाबांच्या केळीचे. म्हणाला, "सर, मी साधारण बरोबरीत आहे." सौद्यांचा नफातोटा जुळवला तर खरेच तोटा फक्त ३८ हजार होता. इतक्या जणांच्या तुलनेत पोराने चांगलेच काम केले होते. मग दुसरा रकाना जोडला. दलाली, कर आणि शुल्क मिळून ७१ हजार. झाले एक लाख नऊ हजार. मग आम्ही तिसरा रकाना आखला, जो त्याने आखला नव्हता. शाळेचा पगार महिना १६ हजार, नऊ महिन्यांचे एक लाख ४४ हजार. संध्याकाळच्या शिकवण्या सुटल्या, महिना सहा हजार, त्यांचे ५४ हजार. एकूण तीन लाख सात हजार. बाबांच्या पैशाचे बँकेतले व्याज आम्ही धरलेच नाही. भविष्य निर्वाह निधी तुटला तोही नाही. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेला तर बँक तीन वर्षांचे विवरण मागेल, तेही सोडून दिले.

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तिसरा रकाना तुम्ही १६ हजारांचा लिहिला, पण १६ हजारांत लग्न होत नाही."

हे उत्तर आम्हांला लागले. यावर आम्ही गप्प बसलो, आणि सभागृह न दिल्याबद्दल जे आमच्यावर नाराज आहेत त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे ते येथे. गावात दुसरे काय आहे? २०२० च्या लॉकडाउनमध्ये ताप्ती मिलची यंत्रे थांबली. मागावरच्या कारागिराची मजुरी महागाईच्या मागे पडली आहे. शिकलेला मुलगा इंदूर, पुणे किंवा सुरत गाठतो, आणि जो आईवडिलांसाठी येथे थांबतो त्याच्या हातात एक मोबाइल आणि १६ हजार असतात. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. आमच्या मते त्याने पगाराचे गणित बरोबर केले होते, पुढचे चुकले. आणि तो पगार ठरवणाऱ्यांमध्ये आम्हीही बसतो. विश्वस्त मंडळासमोर आम्ही गेली तीन वर्षे वेतनवाढीचा प्रस्ताव ठेवत आहोत. तो दरवेळी पुढच्या बैठकीवर जातो. सभागृहाच्या भाड्याचा विषय मात्र एका आठवड्यात चर्चेला आला. मोठ्यांनी राग मानू नये. लिहायचे म्हटले तर हेही लिहिलेच पाहिजे.

पालकांना एक विनंती. मुलगा नोकरी सोडून हे करू म्हणाला तर घरात भांडण करू नका. भांडण झाले की मुलगा लपवू लागतो, आणि लपवलेला तोटा भरून काढण्यासाठी मोबाइलवर कर्ज देणारी ॲप असतात. त्यापेक्षा त्याला नोकरीत राहून बारा महिने छोट्या रकमेवर करू द्या, तीन रकान्यांची वही ठेवायला सांगा आणि दर महिन्याच्या शेवटी एकत्र बसून ती वाचा. शेती, दागिने किंवा कर्जाचा पैसा त्यात जाऊ देऊ नका. ज्यांना शेअर बाजारात बचत ठेवायची आहे त्यांनी दरमहा थोडी थोडी ठेवून दहा-पंधरा वर्षे थांबावे. त्याला आमचा विरोध नाही, आम्ही स्वतः ते करतो. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

सभागृहात आता त्या दोनपैकी पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना सेबीचा तो अहवाल हिंदीतून आणि मराठीतून आम्ही वाचून दाखवणार आहोत. दलालाकडून येणारे कॉन्ट्रॅक्ट नोट कसे वाचायचे, कोणते शुल्क कोठे लपलेले असते, हेही दाखवू. फी नाही. ज्यांच्या घरी कोणी ट्रेडिंग करते त्यांनी आपले कॉन्ट्रॅक्ट नोट नाव झाकून आणावे. पंख्यांची व्यवस्था अजून व्हायची आहे, तेव्हा हातपंखा आणला तर बरे.

तो तरुण त्या दिवशी येणार आहे. आपली वही तो स्वतः वाचून दाखवील, असे त्याने कबूल केले आहे. त्याने ट्रेडिंग सोडलेले नाही. पण बाबांचे उरलेले पैसे परत केले आहेत आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवण्या पुन्हा सुरू केल्या आहेत. नववी 'ब'चे गणित अजून तात्पुरत्या शिक्षकांकडे आहे. ती जागा आम्ही भरलेली नाही.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य